वारणेचे दोन तीर : साताऱ्याची गादी आणि कोल्हापूरची गादी एकमेकींकडे कशा पाहत आल्या?

१/
शिरवळजवळ नीरा ओलांडली की पुणे जिल्हा संपतो आणि सातारा जिल्हा सुरू होतो. तेथून महामार्गाने दक्षिणेकडे निघावे, सातारा, कराड, पेठ मागे टाकावे, की सुमारे दीडशे किलोमीटरवर वारणा लागते आणि कोल्हापूर जिल्हा सुरू होतो. १८१९ मध्ये सातारा संस्थानाची उत्तर सीमा नीरा ठरली आणि दक्षिण सीमा वारणा-कृष्णा. त्यांपैकी वारणेची रेघ त्याहून अठ्ठ्याऐंशी वर्षे जुनी होती, आणि ती दोन चुलत भावांनी आपसांत आखली होती. आजचा थ्रेड त्या रेघेविषयी आहे.

२/
साताऱ्याची गादी आणि कोल्हापूरची गादी. दोन्ही भोसल्यांच्या, दोन्ही शिवछत्रपतींचा वारसा सांगणाऱ्या. भाषा एक, देव एक, अष्टप्रधानांची पदे तीच, राजांची नावेही तीच. इकडे शाहू, तिकडेही शाहू. शिवाजी आणि संभाजी ही नावे तर घराण्याचीच. इतके सारखेपण असताना या दोन राज्यांना एकमेकांविषयी काय वाटत होते? शत्रुत्व, आपुलकी, मत्सर की निव्वळ दुर्लक्ष?

३/
हा प्रश्न जगात इतरत्रही पडलेला आहे. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात इंग्लंडच्या राजाशी एकनिष्ठ राहिलेली हजारो कुटुंबे उत्तरेकडे गेली आणि इंग्रजी भाषिक कॅनडाच्या पायात त्यांचा मोठा वाटा राहिला. १८१२ ते १८१४ या काळात दोन्ही बाजू लढल्या. १८१८ च्या करारात सीमेचा मोठा भाग आखला गेला. आज ही सरहद्द सुमारे ८,८९० किलोमीटरची आहे आणि दोन देशांमधील सीमांत ती जगात सर्वांत लांब आहे. तरीही अमेरिकेचा विषय निघाल्याशिवाय कॅनडाच्या माणसाला स्वतःची ओळख सांगणे अवघड जाते.

४/
१९६९ मध्ये कॅनडाचे पंतप्रधान पियर त्रुदो यांनी वॉशिंग्टनमध्ये पत्रकारांसमोर म्हटले होते की अमेरिकेशेजारी राहणे म्हणजे हत्तीशेजारी निजणे. हत्ती कितीही सुस्वभावी असला तरी त्याची प्रत्येक कूस आणि प्रत्येक हुंकार जाणवतो. धाकट्याला थोरला सतत दिसतो, थोरल्याला धाकटा क्वचितच. एका घरातून फुटलेल्या शेजाऱ्यांचा हा पहिला नियम. मराठ्यांच्या इतिहासात तो वारणाकाठी पाहावयास मिळतो.

५/
प्रथम फुटीची कथा. १६८९ मध्ये छत्रपती संभाजी महाराजांची हत्या झाली आणि त्याच वर्षी रायगड पडला. सात वर्षांचा शाहू आई येसूबाईंसह मोगलांच्या कैदेत गेला. धाकटे चुलते राजाराम महाराज यांनी जिंजीहून राज्य चालविले. १७०० मध्ये त्यांचे निधन झाले. त्यानंतर सात वर्षे महाराणी ताराबाईंनी आपल्या लहान मुलाच्या नावाने औरंगजेबाशी झुंज दिली. १७०७ मध्ये औरंगजेब मेला, आणि त्याचा मुलगा आजमशाह याने शाहूंना सोडून दिले. मराठ्यांत दुही माजावी हा त्यातील हेतू उघड होता.

६/
आता दोन्ही बाजूंचा युक्तिवाद नीट ऐकावा, कारण पुढची दीडशे वर्षे तोच पुन्हा पुन्हा ऐकू येतो. ताराबाईंचे म्हणणे असे : थोरल्या शाखेचे राज्य शत्रूच्या हाती गेले. नंतर जे उभे राहिले ते राजारामांनी आणि आम्ही नव्याने कमावले. मोगलांच्या छावणीत वाढलेल्या आणि मोगलांनी सोडलेल्या पुरुषाचा त्यावर हक्क कसा? हा शाहू खरा की तोतया, येथपर्यंत शंका घेतली गेली.

७/
शाहूंचे म्हणणे साधे होते. मी थोरल्या पातीचा. काकांनी राज्य सांभाळले ते विश्वस्त म्हणून. धनी परतला, विश्वस्ताने चावी द्यावी. आपल्याकडे गावोगावी जमिनीच्या वाटणीत आजही हेच दोन युक्तिवाद ऐकू येतात. एक म्हणतो, ‘मी थोरला.’ दुसरा म्हणतो, ‘मी कसले.’ दोघेही खोटे बोलत नाहीत, म्हणूनच तंटा मिटत नाही.

८/
१२ ऑक्टोबर १७०७ रोजी भीमेकाठी खेड येथे दोन्ही सैन्ये समोरासमोर आली. ताराबाईंनी आपल्या सरदारांकडून एकनिष्ठेच्या शपथा घेतल्या होत्या. तरीही सेनापती धनाजी जाधव शाहूंना मिळाले. हा शाहू अस्सल आहे अशी खात्री खंडो बल्लाळ चिटणिसांनी करून घेतल्याचे सांगितले जाते. लढाई शाहूंनी जिंकली. १२ जानेवारी १७०८ रोजी साताऱ्यात त्यांचा राज्याभिषेक झाला. ताराबाई पन्हाळ्याकडे गेल्या.

९/
त्या शपथांची किंमत शिरवळपासून फार दूर नसलेल्या एका गावी मोजली गेली. भोर घराण्याचे मूळ पुरुष शंकराजी नारायण सचिव हे राजारामांच्या काळातील कर्ते मुत्सद्दी. एकीकडे ताराबाईंना दिलेली शपथ, दुसरीकडे शिवछत्रपतींचा थोरला नातू दाराशी आलेला. शपथ मोडावी तर बेइमानी, पाळावी तर धन्याच्या रक्ताशी वैर. शंकराजींनी आंबवडे येथे स्वतःचे जीवन संपविले. शाहूंनी त्यांच्या अल्पवयीन मुलाला, नारो शंकर याला, सचिवपदावर कायम ठेवले.

१०/
मला वाटते, या साऱ्या कथेतील सर्वांत बोलकी घटना हीच आहे. परक्या शत्रूसमोर शंकराजी डगमगले नव्हते. जिंजीच्या काळात महाराष्ट्र सांभाळणाऱ्यांत ते होते. दोन्ही बाजू आपल्या असल्या की माणसाची कोंडी होते. ‘गद्दार कोण आणि निष्ठावंत कोण’ असा निवाडा आज आपण एका ओळीत करून टाकतो. तो निवाडा त्यांना प्रत्यक्ष करता आला नाही.

११/
घरेही फुटली. परशुराम त्र्यंबक प्रतिनिधी यांच्या एका मुलाने, कृष्णाजीने, ताराबाईंचा पक्ष धरला. त्यांचे घराणे विशाळगडचे प्रतिनिधी झाले. दुसरा मुलगा श्रीपतराव साताऱ्याचा प्रतिनिधी. त्यांचे घराणे पुढे औंधचे. एका बापाचे दोन मुलगे, एकच पद, दोन गाद्या. रामचंद्रपंत अमात्य कोल्हापूरकडे राहिले, आणि राज्यनीतीवरील ‘आज्ञापत्र’ हा ग्रंथ त्यांनी त्याच दरबारासाठी लिहिला. म्हणजे शिवकालीन राज्यविचाराचा सर्वांत प्रसिद्ध ग्रंथ आपल्याला धाकट्या गादीने दिला.

१२/
१७१४ मध्ये पन्हाळ्यावर आणखी एक उलथापालथ झाली. राजारामांची दुसरी राणी राजसबाई आणि त्यांचा मुलगा संभाजी यांनी ताराबाई व त्यांच्या मुलाला कैद करून सत्ता घेतली. तेव्हापासून ‘कोल्हापूरचे संभाजी’ आणि ‘साताऱ्याचे शाहू’ असे दोन चुलत भाऊ समोरासमोर आले. इकडे शाहूंचे बळ वाढत होते : १७१३ मध्ये बाळाजी विश्वनाथ पेशवे झाले, १७१९ मध्ये चौथाई व सरदेशमुखीच्या मोगली सनदा मिळाल्या. दिल्लीच्या लेखी मराठ्यांचा राजा म्हणजे सातारा, असे चित्र झाले.

१३/
कोल्हापूरला हे बोचणे स्वाभाविक होते. आणि शेजाऱ्याचे बोचणे तिसऱ्याच्या कामी येते. निजामाने १७२७ मध्ये हेच हेरले. चौथाई मागायला आलेल्यांना त्याचे उत्तर असे की मराठ्यांचे राजे दोन आहेत. खरा धनी कोण ते आधी ठरवा, आणि निवाडा माझ्याकडून करून घ्या. संभाजीराजे निजामाच्या गोटात गेले. २८ फेब्रुवारी १७२८ रोजी बाजीरावांनी पालखेड येथे निजामाला कोंडले. पुढील महिन्यातील मुंगी-शेवगावच्या तहात संभाजीराजांचा पक्ष सोडणे त्याला भाग पडले.

१४/
१७३० मध्ये वारणेच्या परिसरात दोन्ही भावांची सैन्ये भिडली. श्रीपतराव प्रतिनिधींनी संभाजीराजांच्या छावणीचा पराभव केला. ताराबाई, राजसबाई आणि संभाजीराजांच्या पत्नी जिजाबाई साताऱ्याच्या हाती लागल्या. शाहूंनी राजसबाई व जिजाबाई यांना मानाने पन्हाळ्यास परत पाठविले. ताराबाईंनी मात्र साताऱ्यातच राहणे पसंत केले. ज्या स्त्रीने दुसरी गादी उभी केली तिने उरलेले आयुष्य पहिल्या गादीच्या गावी काढले, आणि १७६१ मध्ये तेथेच देह ठेवला.

१५/
फेब्रुवारी १७३१ मध्ये कराडजवळ जखिणवाडी येथे दोघा भावांची समारंभपूर्वक भेट झाली. १३ एप्रिल १७३१ रोजी वारणेचा तह झाला. कलमे नऊ. वारणेच्या दक्षिणेचा मुलूख संभाजीराजांचा. मिरज, विजापूरची ठाणी शाहूंकडे. रत्नागिरीच्या बदल्यात कोपळ कोल्हापूरकडे. तुंगभद्रेपलीकडे रामेश्वरापर्यंत जे जिंकले जाईल ते निम्मे-निम्मे. एकाचा शत्रू तो दुसऱ्याचाही शत्रू.

१६/
माझ्या दृष्टीने या तहाचे सर्वांत महत्त्वाचे कलम जमिनीविषयीचे नाही. एकाच्या चाकरीतील माणूस दुसऱ्याने ठेवू नये, असे दोघांनी मान्य केले. का? कारण सातारा दरबारात ज्याचा मान राहिला नाही, ज्याचे वतन अडले, त्याला वारणा ओलांडणे एवढेच करायचे होते. पलीकडे तीच भाषा, तीच पदे, तसाच छत्रपती. आणि उलटही तसेच. खरी भीती माणसे निघून जाण्याची होती. नदीला उतार पुष्कळ होते, आणि निष्ठेलाही.

१७/
आता थोडे पुन्हा उत्तर अमेरिकेकडे पाहू. गुलामगिरीतून पळालेले कृष्णवर्णीय एकोणिसाव्या शतकात कॅनडाची सीमा गाठत. व्हिएतनाम युद्धाच्या वेळी सक्तीची सैन्यभरती नाकारणारे हजारो अमेरिकी तरुण तिकडेच गेले. एका घरातून फुटलेला शेजारी हा असा असतो : आपल्या असंतुष्टांना तो घर देतो. त्याला पाहिले की ‘आपण असेही होऊ शकलो असतो’ ही जाणीव होते. म्हणून तो पूर्ण शत्रू होत नाही आणि पूर्ण परकाही होत नाही.

१८/
तहानंतर दृष्टी कशी बदलली? साताऱ्याच्या लेखी प्रश्न मिटला. शाहूंचे सरदार माळवा, गुजरात, बुंदेलखंडाकडे निघाले होते. दक्षिणेकडचा भाऊ ही घरगुती बाब झाली. संभाजीराजे पुढे साताऱ्यास येत-जात, त्यांचा मान राखला जाई. कोल्हापूरच्या लेखी मात्र प्रश्न उघडाच राहिला, कारण शाहूंना पुत्र नव्हता. धाकटा भाऊ थोरल्याच्या घराकडे जसे पाहतो, तसे कोल्हापूर साताऱ्याकडे पाहत होते.

१९/
१७४० च्या सुमारास नानासाहेब पेशव्यांनी संभाजीराजांशी गुप्त बोलणे केले होते : शाहूंच्या पश्चात दोन्ही गाद्या एक कराव्यात. ते घडले असते तर वारणेची रेघ दहा-वीस वर्षांतच पुसली गेली असती. परंतु शाहूंच्या अखेरच्या दिवसांतील म्हणून ज्या दोन याद्या दाखविल्या जातात, त्यांत कोल्हापूरचा वारस आणू नये असे आहे. १५ डिसेंबर १७४९ रोजी शाहू गेले. सख्ख्या चुलत भावाला गादी न देता ताराबाईंनी पुढे आणलेला त्यांचा नातू, रामराजा, गादीवर आला.

२०/
येथे इतिहासाची गंमत पाहावी. रामराजा खरोखर ताराबाईंचा नातू असेल, तर ज्या शाखेविरुद्ध साताऱ्याने चाळीस वर्षे भांडण केले तिचाच वंशज साताऱ्याच्या गादीवर बसला. १७५० मध्ये ताराबाईंनी त्यालाच कैद केले. १७५२ मध्ये जेजुरीस शपथ घेऊन त्यांनी सांगितले की हा आपला नातू नव्हे. पेशव्यांनी तरीही त्यालाच छत्रपती मानले, कारण तोवर राज्याची सूत्रे पुण्यात गेली होती.

२१/
इकडे कोल्हापूरचे संभाजीराजे १७६० मध्ये निपुत्रिक वारले. जिजाबाईंनी १७६२ मध्ये खानवटकर भोसल्यांच्या घरातून दत्तक घेतला. तोच दुसरा शिवाजी. साताऱ्यातही रामराजानंतर, १७७७ मध्ये, वावीकर भोसल्यांच्या घरातून दत्तक आला. तो दुसरा शाहू. म्हणजे १७७७ नंतर कोणत्याही गादीवर भांडण सुरू करणाऱ्यांचे थेट रक्त उरले नव्हते. वारणा मात्र सीमाच राहिली. तिला रक्ताची गरज संपली होती. दोन्ही तीरांवरचे दरबार, वतने आणि आठवणी तिला पुरेशा होत्या.

२२/
अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात दोन्ही गाद्यांचे प्राक्तन वेगळे झाले. मोठ्या राज्याचा छत्रपती साताऱ्याच्या किल्ल्यावर जवळजवळ नजरकैदेत, आणि कारभार पेशव्यांचा. लहान राज्याचा छत्रपती स्वतः घोड्यावर बसून पटवर्धनांशी लढतो, दर्यावर आरमार राखतो, स्वतः चुका करतो आणि स्वतः त्या निस्तरतो. कोल्हापूर साताऱ्याकडे पाही तेव्हा त्याला मोठेपण दिसे, स्वातंत्र्य दिसत नसे. सातारा कोल्हापूरकडे पाही तेव्हा मुलूख लहान दिसे, पण राजा खरा दिसे.

२३/
म्हणूनच १७९८ मध्ये जे घडले ते अर्थपूर्ण आहे. दुसऱ्या शाहूंनी पेशव्यांविरुद्ध उठाव करून साताऱ्याचा किल्ला ताब्यात घेतला. परशुरामभाऊ पटवर्धनांनी तो मोडून काढला. छत्रपतींचे भाऊ चतुरसिंग निसटले. कोठे गेले? कोल्हापूरला. साताऱ्याच्या राजघराण्यातील पुरुषाने वारणा ओलांडून कोल्हापूरच्या फौजेबरोबर शस्त्र धरले. सप्टेंबर १७९९ मध्ये पट्टणकोडोलीच्या लढाईत परशुरामभाऊ कोल्हापूरकरांकडून मारले गेले. १७३१ च्या तहाने जे दार बंद केले होते, तेच दार अडचणीच्या वेळी साताऱ्याच्या घराण्याला उघडे मिळाले.

२४/
१८१८ मध्ये पेशवाई बुडाली. एल्फिन्स्टनने प्रतापसिंह महाराजांना साताऱ्याच्या गादीवर बसविले. २५ सप्टेंबर १८१९ च्या तहाने नीरा ते वारणा-कृष्णा असे संस्थान झाले. शिरवळ तेव्हा उत्तर सरहद्दीवर आले, नीरेपलीकडे कंपनीचा मुलूख. साताऱ्यात कंपनीचा प्रतिनिधी होता जेम्स ग्रँट, म्हणजे आपला ग्रँट डफ. त्याने मराठ्यांचा इतिहास १८२६ मध्ये प्रसिद्ध केला, त्याच्या हाताशी प्रामुख्याने सातारा आणि पुण्याची कागदपत्रे होती. परिणाम असा की मराठ्यांच्या इतिहासाच्या मुख्य वाटेवर सातारा-पुणे आले आणि कोल्हापूर आडवाटेला गेले.

२५/
हा मुद्दा इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावा. शेजारी एकमेकांकडे कसे पाहतात हे पुष्कळदा कोणाचे दप्तर आधी छापले गेले यावर ठरते. आपल्या शालेय पुस्तकांत कोल्हापूरची गादी ‘वारणेचा तह’ या दोन शब्दांत येते आणि जाते. पुढे डॉ. आप्पासाहेब पवार यांनी ताराबाईकालीन कागदपत्रे संपादित केली, तेव्हा पलीकडच्या तीरावरून हीच कथा कशी दिसते ते वाचण्याची सोय झाली. ताराबाई त्या कागदांत हट्टी विधवा म्हणून दिसत नाहीत; हुकूम देणारी, हिशेब विचारणारी राज्यकर्ती दिसते.

२६/
मग पारडे फिरले. १८३९ मध्ये प्रतापसिंहांना पदच्युत करून काशीस पाठविण्यात आले. त्यांची बाजू मांडण्यासाठी रंगो बापूजी गुप्ते लंडनला गेले आणि १८५३ पर्यंत तेथे झगडले. ५ एप्रिल १८४८ रोजी शहाजी महाराज वारले. मुंबईचे गव्हर्नर जॉर्ज क्लार्क यांचा विरोध असूनही डलहौसीने दत्तक नामंजूर करून सातारा खालसा केले. थोरली गादी राज्य म्हणून संपली. धाकटी राहिली.

२७/
दोघींचे जीवन दत्तकावर अवलंबून होते, आणि दोघींना वेगवेगळे उत्तर मिळाले. १८४८ मध्ये साताऱ्याचा दत्तक नाकारला गेला. १८५७ नंतर इंग्रजांनी संस्थानिकांचा दत्तकाचा हक्क मान्य केला, त्यामुळे १८७० मध्ये राजाराम महाराज फ्लॉरेन्स येथे वारले तरी कोल्हापूर टिकले. १८८४ मध्ये कागलकर घाटगे घराण्यातील यशवंतराव कोल्हापुरात दत्तक आले. तेच राजर्षी शाहू. नाव पाहावे : साताऱ्याच्या गादीचे सर्वांत मोठे नाव आता कोल्हापूरने धारण केले.

२८/
विसाव्या शतकात पाहण्याची दिशा पूर्ण उलटली. सातारा आता ब्रिटिश मुलखातील एक जिल्हा होता. छत्रपती कोल्हापुरात होते, वसतिगृहे आणि राजाराम कॉलेजही कोल्हापुरात. त्या वेळच्या सातारा जिल्ह्यातील देवराष्ट्रे येथे जन्मलेले यशवंतराव चव्हाण पदवीसाठी राजाराम कॉलेजात गेले. पूर्वी चाकरीसाठी माणसे वारणा ओलांडत, आता शिक्षणासाठी ओलांडू लागली.

२९/
आणि प्रवाह परतही आला. कोल्हापूर भागातील कुंभोजला जन्मलेले, कोल्हापुरात शिकलेले भाऊराव पाटील उत्तरेकडे आले. १९१९ मध्ये कराडजवळ काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापिली, १९२४ मध्ये ती साताऱ्यास आणली. तेथील वसतिगृहाला नाव मिळाले छत्रपती शाहू बोर्डिंग, आणि १९२७ मध्ये ते महात्मा गांधींच्या हस्ते. साताऱ्यात उभे असलेले, पण कोल्हापूरच्या शाहूंच्या नावाचे. १७०७ मध्ये ज्या गावाने शाहूंच्या बाजूने ताराबाईंची शाखा नाकारली, त्याच गावाने सव्वादोनशे वर्षांनी पलीकडच्या शाहूंचे नाव दारावर लावले. कोणालाही त्यात विसंगती वाटली नाही.

३०/
१ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर मुंबई राज्यात विलीन झाले. त्याच वर्षी दक्षिण सातारा हा नवा जिल्हा झाला. १९६० पासून तो सांगली म्हणून ओळखला जातो. त्यामुळे वारणा आज सांगली आणि कोल्हापूर यांच्यामध्ये वाहते. तह करणारी दोन्ही राज्ये गेली, रेघ मात्र सरकारी नकाशावर अजून जिवंत आहे.

३१/
या साऱ्याचे तात्पर्य काय? एका घरातून फुटलेले शेजारी एकमेकांपासून फार वेगळे नसतात. म्हणूनच वेगळेपण त्यांना जपावे लागते. प्रत्येकासाठी दुसरा हा त्याच प्रश्नाचे दुसरे उत्तर असतो. ‘वारस कोण, थोरला की कमावणारा?’ या प्रश्नाला साताऱ्याने एक उत्तर दिले, कोल्हापूरने दुसरे. आणि दोन्ही उत्तरे टिकली म्हणून मराठ्यांच्या हाती नेहमी एक पर्याय शिल्लक राहिला : १७९८ मध्ये चतुरसिंगांना आसरा मिळाला तो त्यामुळे, आणि १८४८ नंतर छत्रपतींची गादी शाबूत राहिली तीही त्यामुळे.

३२/
आज समाजमाध्यमांवर कोणती गादी ‘खरी’ यावरून तरुण मुले हमरीतुमरीवर येतात, ताराबाईंना किंवा शाहूंना दूषणे देतात. त्यांनी एकदा शंकराजी नारायणांची आठवण ठेवावी. त्या माणसाने दोन्ही बाजूंचा हक्क ओळखला होता, आणि त्या ओळखण्यानेच तो मोडला. आपल्याला ती कोंडी नाही. तीनशे वर्षांच्या अंतरावरून आपण दोन्ही युक्तिवाद एकाच वेळी खरे मानू शकतो. इतिहास वाचणाऱ्याला मिळणारी ही एक मोठी सवलत आहे.

३३/
वारणाकाठच्या, दोन्ही बाजूंच्या वाचकांना एक विनंती. तुमच्या गावात पलीकडच्या तीराविषयी काय म्हटले जाते? जुने उतार कोठे होते? सीमेवरच्या देवस्थानाची पालखी नदी ओलांडते का? सोयरिकी कोणत्या बाजूला अधिक? घरातील वृद्धांना विचारून खाली लिहावे. राजांचे तह छापून झाले आहेत. काठावरच्या माणसांचे एकमेकांविषयीचे बोलणे अजून लिहून व्हायचे आहे.